बावीस प्रती आणि पडद्यामागची आत्या

आमची आत्या झेरॉक्स मशीनच्या सात फुटांच्या आत आली की कागद अडकतो, हे आमच्या घरात सूर्य उगवण्याइतकं नक्की होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, हे विचारायचं नाही. मी विचारलं. सध्या मला विचारायची सवयच लागली आहे. आठवीपर्यंत मी वर्गात ‘पाणी प्यायला जाऊ का’ एवढंसुद्धा विचारत नव्हते. नववीत वादविवाद स्पर्धेत कुणीतरी आजारी पडलं म्हणून मला उभं केलं, आणि तेव्हापासून मी खाली बसलेलीच नाही.

तर काका म्हणाले, अकरा वर्षांपूर्वी मशीन दुरुस्त करायला आलेला माणूस बोलता बोलता म्हणाला होता, “काही लोकांच्या अंगात करंट असतो हो.” त्या वेळी आत्या शेजारी उभी होती. झालं! त्या माणसाने चार स्क्रू आवळले, चहा प्यायला आणि तो गेला. त्याचं वाक्य मात्र आमच्याकडे मुक्कामाला राहिलं. त्याच संध्याकाळी काकांनी मशीनपासून सात फूट मोजून फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावली. झिजली की नवी लावतात. सातच फूट का, हेही मी विचारलं. मोजपट्टी तेवढीच होती म्हणे.

दुकान आमचं एका शटरचं. दर्शनी काउंटर, उजव्या भिंतीला मशीन, मागे कागदांची रिमं ठेवायची खोली, आणि पट्टीच्या बाहेर आत्याचं टेबल. टेबलावर भोकं पाडायचं पंच, स्पायरलची वेटोळी, आणि एक खण, ज्यात आत्याच्या पेन्सिली उंचीप्रमाणे झोपलेल्या असतात. काका माझ्या बाबांचे थोरले भाऊ. ते छापणार, आत्या बांधणार. छापलेले गठ्ठे काका पायाने फरशीवरून सरकवतात, पट्टीबाहेर आले की आत्या उचलते. गठ्ठा मोठा असला तर तो सरकत नाही आणि काकांच्या कमरेत उसण भरते. अशा वेळी काका आत्याला आत बोलावतात, पण कसं? दरवाजा उघडून चोराला घरात घ्यावं तसं.

“ये, पण पटकन ये! श्वास घेऊ नकोस!”

आत्या श्वास रोखून आत जाते, गठ्ठा उचलते, आणि मशीन म्हणतं, खर्रर्र… टक. लाल दिवा.

“बघितलंस? बघितलंस ना?” काका गिऱ्हाइकांना साक्षीला धरतात. गिऱ्हाइकंही माना डोलावतात, कारण त्यांनी खरोखरच बघितलेलं असतं.

एका शनिवारी दुपारी दुकानात एक बाई आल्या. त्या शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी मोठ्या माणसांचा विज्ञानाचा वर्ग घेतात. प्रयोग कसा आखायचा, कशावरून काय म्हणता येतं, असा. वर्गात येणारे सगळे चाळिशीच्या पुढचे. वर्गाची शहाण्णव पानी पुस्तिका आमच्याकडेच छापली होती, बावीस प्रती. बाईंच्या हातात त्यातली एक होती. त्यांच्या मागून एक आजोबा आले. ते पूर्वी बस चालवायचे. त्यांच्या हातात कुंडी होती आणि कुंडीत एक रोप, मेलेलं, पण फारच चकचकीत.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “यात आठवं पान कुठंय?”

“नवव्याच्या आधी,” काका म्हणाले.

“सातानंतर थेट नऊ आहे. नवानंतर अकरा. समसंख्येचं एकही पान नाही.”

काकांनी पुस्तिका हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. पानांच्या मागच्या बाजू कोऱ्या करकरीत.

“तीन आठवडे झाले,” बाई सांगू लागल्या, “माझ्या वर्गातली माणसं असे प्रयोग करून आणतायत की मला वाटलं, मीच कुठेतरी चुकतेय. सातव्या पानाच्या तळाशी आहे, ‘सारख्या उंचीची दोन रोपं घ्या. एकाला रोज पाणी द्या आणि दुसऱ्याला’. आणि नवव्याच्या डोक्यावर आहे, ‘कोरड्या फडक्याने हळुवार पुसून जागेवर ठेवा.’ ते भिंगाबद्दल होतं!”

“मी रोज पुसलं,” आजोबा कुंडीकडे बघत म्हणाले. “सकाळ-संध्याकाळ.”

“अहो, पण तुम्हाला विचित्र नाही वाटलं?” मी विचारलं.

“वाटलं ना. म्हटलं विज्ञान आहे, वाटणारच.”

बाईंच्या वर्गात आणखी एक सलूनवाले होते. त्यांच्या पुस्तिकेत तेरावं पान संपताना होतं, ‘गोळी घेणाऱ्यांना हे मुळीच कळू देऊ नये की’, आणि पंधरावं सुरू होत होतं, ‘त्यांचं वजन किती आहे.’ बिचाऱ्यांनी घरातला वजनकाटा पलंगाखाली लपवून ठेवला आणि तीन आठवडे कुणालाच वजन करू दिलं नाही. घरात सगळ्यांनी अबोला धरला.

मी हसत सुटले. पण काका हसले नाहीत. ते हळूच आत्याकडे वळले.

“चिंगे.” आत्या त्रेचाळीस वर्षांची आहे, तरी काकांसाठी ती चिंगीच. “त्या दिवशी तू पट्टीच्या आत आली होतीस की नव्हतीस?”

“आधीच्या कामाचा गठ्ठा उचलायला तूच बोलावलंस, दादा.”

“म्हणजे आली होतीस! तू आलीस, कागद अडकला. अडकलेला कागद काढला की हे मशीन ‘दोन्ही बाजू’ विसरून जातं. ते बटण पुन्हा दाबावं लागतं.”

“मग ते कुणी दाबायचं होतं?” मी विचारलं.

“तू अभ्यास कर.”

“मी बांधताना बघितलं होतं,” आत्या म्हणाली. “पानं एकाआड एक दिसतायत, हे सांगायला येत होते. तू ओरडलास, ‘पट्टी!’ म्हणून थांबले.”

काकांनी डोळे मिटले. मग अगदी मऊ आवाजात, एखादी भेटवस्तू द्यावी तसं म्हणाले, “हे बघ, तुझी चूक नाही. तुझ्या अंगातच आहे ते. सोमवारपासून तू दुकानात येऊ नकोस. बांधायचं काम मी बाहेरून करून घेईन. तू घरी बस. आराम कर.”

आत्याने समोरचा गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ केला. तो आधीच सरळ होता. तिने पुन्हा ठोकला. एकोणिसाव्या वर्षापासून ती या दुकानात आहे. गल्लीतलं कोण कशासाठी अर्ज करतंय, कुणाची नोकरी गेली, कुणाचा दाखला अडला, सगळं तिला इथे कळतं, आणि लोक तिला विचारून अर्ज भरतात. घरी तिच्याशी बोलायला काय होतं? भिंत आणि भिंतीवरचं घड्याळ.

“दादा,” ती म्हणाली, “पान तीन. ‘एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली म्हणजे ती खरी ठरत नाही. ती न दिसलेल्या वेळाही मोजाव्या लागतात.’”

“हे तुम्हाला पाठ आहे?” बाई चकित झाल्या.

“बावीस वेळा बांधलंय ना. विषम पानं सगळी पाठ आहेत.”

“मोजायचं कशाला?” काका म्हणाले. “आत्ता दाखवतो. ये आत!”

आत्या पट्टी ओलांडून मशीनजवळ उभी राहिली. काकांनी तिच्याकडे रागाने बघत ट्रे असा काही आपटला की वरची पानं तिरकी झाली. बटण दाबलं. खर्रर्र… टक.

“सिद्ध झालं!” काका विजयाने म्हणाले.

“कावळा बसायला आणि फांदी तुटायला,” आजोबा पुटपुटले.

“तेच म्हणतेय मी,” बाई म्हणाल्या. “कावळा बसल्यावर तुटलेल्या फांद्या तुम्ही अकरा वर्षं मोजल्यात. कावळा नसताना किती तुटल्या, ते कुणी मोजलंय का? शिवाय कावळा बसलेला दिसला की तुम्हीच झाड हलवताय, साहेब. ट्रे केवढ्याने आपटलात! आत्या जवळ आहेत हे तुम्हाला कळताच कामा नये. चौदाव्या पानावर हेच होतं.”

“मला कळणार नाही? अहो, मला नुसत्या वाऱ्यावरून कळतं.”

“मग हरकतच नाही. उद्या या बावीस प्रती तुम्हाला नव्याने छापून द्यायच्याच आहेत. प्रत्येक प्रत म्हणजे एक प्रयोग. मागच्या खोलीच्या दारापासून मशीनपर्यंत पडदा लावू. कधी पडद्यामागे आत्या असतील, कधी नसतील. प्रत्येक प्रतीआधी तुम्ही ओळखायचं.”

काका पेटलेच. “चालेल! पण रिकामा पडदा नको. मशीन काय खुळं आहे? चिंगी नसताना तिच्या जागी कुणीतरी पाहिजे. तिच्याच उंचीचं. तिच्याच वजनाचं.”

“वा,” बाई म्हणाल्या, “हे तर सोळावं पान. न वाचता सुचलं तुम्हाला.”

काकांना एवढा आनंद झाला की ते आणखी अटी घालू लागले. त्या ‘कुणीतरी’ला आत्याचा एप्रन पाहिजे. आत्याचं केसांचं तेल पाहिजे. हातात पंच पाहिजे, कारण आत्या नेहमी पंच घेऊनच फिरते.

बाईंच्याच वर्गातल्या शिवणवाल्या मावशींकडे कपडे बेतायचा एक पुतळा होता, लोखंडी स्टँडवरचा, डोकं नसलेला. रविवारी सकाळी आठ वाजता तो आमच्या दुकानात दाखल झाला. मावशींनी त्याच्या पोटाला सुतळीने आमची कागदाची रिमं बांधून वजन जुळवलं. एप्रन चढवला. केसांचं तेल कुठे लावायचं, यावर पाच मिनिटं चर्चा झाली, कारण केसच काय, डोकंही नव्हतं. शेवटी मानेला लावलं.

“हुबेहूब,” काका म्हणाले. आत्याने पुतळ्याकडे पाहिलं आणि त्याचा एप्रन सरळ केला.

माझं काम सगळ्यात महत्त्वाचं होतं, आणि हे मी बढाई म्हणून सांगत नाही, बाईच म्हणाल्या. मागच्या खोलीत बसून मी नाणं उडवायचं. छापा पडला तर आत्या, काटा पडला तर पुतळा. आणि ते वहीत लिहून वही मिटून ठेवायची. कोण आत आहे हे आम्हा मागच्यांशिवाय कुणालाच ठाऊक नसणार. समोर बसून कागद अडकला की नाही ते लिहिणाऱ्या बाईंनासुद्धा नाही.

“नाणं कशाला?” मी विचारलं. “मीच ठरवते की.”

“तू ठरवलंस तर,” बाई म्हणाल्या, “मशीन नीट चालत असताना आत्याला पाठवशील. काकांनी ठरवलं तर उलट. नाण्याला आत्या नाही आणि बहीणही नाही.”

पहिलीच अडचण चाकांची निघाली. पुतळ्याचं स्टँड आत नेलं की चाकं किंचाळायची. मग आत्याची पाळी आली तरी ती मावशींचं दुसरं, रिकामं स्टँड ढकलत, चाकं किंचाळवत जायची, आणि पुतळ्याची पाळी असली तर शिवणवाल्या मावशी त्याला ढकलत चप्पल घासत जाऊन अनवाणी परत यायच्या. बाहेर फुटपाथवर बाईंचा अख्खा वर्ग स्टुलांवर आणि बाकड्यांवर बसला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटे, आत काहीतरी लग्नकार्य आहे. एक जण तर आहेराचं पाकीट कुठे द्यायचं म्हणून विचारून गेला.

“प्रत पहिली!” बाईंनी पुकारलं. “साहेब, आत कोण?”

काकांनी पडद्याजवळ नाक नेलं. डोळे मिटले. “चिंगी. शंभर टक्के.”

माझ्या वहीत होता पुतळा. मी तोंडात रुमाल कोंबला.

अठ्ठेचाळीस कागद सुरळीत निघाले. दुसरी प्रतही. तिसरीही. सात प्रती झाल्या तरी मशीन लोण्यासारखं चालत होतं आणि काका अस्वस्थ होत होते. आत्या त्यांतल्या तीन वेळा आत होती. काकांची खात्री दर वेळी शंभर टक्के असायची. मशीन नीट चाललं की वैतागणारा दुकानदार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आठव्या प्रतीला खर्रर्र… टक!

“आली!” काका ओरडले. “आली ना ती?”

बाई म्हणाल्या, “सांगता येत नाही. मला माहीत नाही. पुढे.”

नववीला पुन्हा टक. दहावी गेली. अकरावीला टक. बाहेरचे लोक आता टाळ्या वाजवू लागले, कुणाच्या बाजूने ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बाराव्या प्रतीला मी नाणं उडवलं. छापा. आत्या स्टँड ढकलत आत गेली आणि पडद्यामागे उभी राहिली. मी दाराच्या फटीतून तिची पाठ बघू शकत होते.

“पुतळा,” काकांनी निर्णय दिला. “मघाची चिंगी आणि आत्ताचा पुतळा, फरक जाणवतो. हवा हलकी झालीय.”

बटण दाबलं. विसाव्या कागदाला, टक.

बाई तेवढ्यात आजोबांशी बोलायला फुटपाथवर गेल्या होत्या. काकांनी मशीनचं दार उघडलं, वाकून चुरगळलेला कागद ओढायला लागले. मग पडद्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले,

“पुतळ्या, तुला काय झालं? तू तर चांगला होतास.”

पडद्यामागे आत्या निश्चल.

“बोलत नाहीस तेच बरं. ती असती तर एव्हाना चार वेळा म्हणाली असती, दादा हळू ओढ, दादा फाटेल.” कागद फाटलाच. “बघ! फाटला. उद्यापासून सांगायला कोण आहे मला? कोणता अर्ज कुठल्या कचेरीत जातो, हेही मला ठाऊक नाही. लोक तिलाच विचारतात. मी नुसता बटणवाला. पण करू काय, सांग? बावीस पुस्तकं परत आली. माझं नाव गेलं. हे माझ्यामुळे झालं असं म्हणू? मग मी काय घरी बसू?”

मी फटीतून आत्याचे खांदे बघत होते. ते थोडे वर गेले. तिने तोंड उघडलं असणार, हे मला मागूनही कळलं. एक शब्द जरी निघाला असता तरी प्रयोग तिथेच संपला असता. अकरा वर्षांत काका पहिल्यांदा तिच्याशी धड बोलत होते, आणि ती पुतळा होती! तिने पंच छातीशी घट्ट धरलं आणि डोकं नसल्यासारखी उभी राहिली. त्या दिवशी मला कळलं की शास्त्रज्ञ होणं सोपं नाही. मी असते तर केव्हाच पडदा फाडून भांडले असते.

तेरावीलाही टक झालं. मग सगळ्यांना भूक लागली म्हणून बाईंनी पाऊण तासाची सुट्टी दिली. मशीन बंद केलं. काकांनी नकळत दोन कप चहा पडद्याजवळ ठेवले, एक आत्यासाठी आणि एक पुतळ्यासाठी. मग ओशाळून तो स्वतःच प्यायले.

सुट्टीनंतर चौदा ते अठरा, पाच प्रती, एकदाही अडकलं नाही. एकोणीस ते बावीस, चारही प्रतींत अडकलं. विसाव्या प्रतीला छापा पडला तेव्हा वाटलं, पुन्हा उडवावं, कुणाला कळणार आहे? मशीन आता हमखास अडकतंय, आत्याचं नाव कशाला त्यात? पण मग माझ्यात आणि ट्रे आपटणाऱ्या काकांत फरक काय राहिला? मी ‘आत्या’ लिहिलं आणि मनातल्या मनात आत्याची माफी मागितली.

दुपारी दोन वाजता काउंटरवर दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक माझी, एक बाईंची. वर्ग गोळा झाला. बाईंनी मोठ्याने वाचलं, “आत्या दहा वेळा आत होत्या, त्यांत चार वेळा अडकलं. पुतळा बारा वेळा होता, पाच वेळा अडकलं.”

“म्हणजे?” सलूनवाल्यांनी विचारलं.

“म्हणजे जवळजवळ सारखंच. आणि साहेबांनी बावीसपैकी अकरा वेळा बरोबर ओळखलं.”

“अकरा! बघा!” काका म्हणाले.

“नाण्यानेही एवढंच ओळखलं असतं.”

मग काकांचा चेहरा उजळला. “मला कळलं! पुतळ्याच्या अंगातही करंट आहे! लोखंडी आहे ना तो!”

शिवणवाल्या मावशींनी कमरेवर हात ठेवले. “माझा पुतळा वीस वर्षं माझ्या शिलाई मशीनशेजारी उभा आहे. कधी दोरा तुटला नाही. उगाच माझ्या पुतळ्यावर खापर फोडू नका!”

“अहो मावशी, पण…”

“एक मिनिट,” बाई म्हणाल्या. “पडद्यामागे कोण होतं ते सोडा. नुसती माझी यादी बघा. पहिल्या सात प्रतींत काही नाही. मग अडकायला लागलं. पाऊण तास मशीन बंद होतं, त्यानंतर पाच प्रतींत काही नाही. मग पुन्हा अडकायला लागलं. यावरून काय वाटतं?”

“इंजिन तापतंय,” आजोबा चटकन म्हणाले. “घाटात माझी बस अशीच करायची.”

“बरं. साहेब, एक सांगा. एरवी आत्या पट्टीच्या आत कधी येतात?”

“कधीच नाही. मी येऊच देत नाही,” काका अभिमानाने म्हणाले. “फक्त गठ्ठा मोठा झाला की. मला उचलवत नाही ना.”

“आणि गठ्ठा मोठा कधी होतो?”

“कधी म्हणजे? बराच वेळ छापत राहिलं की. मशीन चांगलं तापून लाल…”

काकांचं वाक्य तिथे थांबलं. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं, पण आत्याने माझ्या हाताला धरलं होतं.

“म्हणजे ती आल्यामुळे अडकत नव्हतं,” काका हळूहळू म्हणाले. “अडकायची वेळ झाली की मीच तिला बोलावत होतो.”

मला वाटलं आत्या आता हसेल. ती हसली नाही. स्टुलावर बसली.

“म्हणजे माझ्यात काहीच नव्हतं,” ती म्हणाली. “दादा, मी घरातसुद्धा मिक्सरजवळ जात नव्हते. दिवा गेला की मला वाटायचं, मीच. अकरा वर्षं मी लिफ्टमध्ये एकटीच चढते, कुणाला त्रास नको म्हणून.”

काकांनी माझी वही स्वतःकडे ओढली आणि बोट वरून खाली न्यायला लागले. मला वाटलं, चार आणि पाच मोजून बघतायत. पण बोट बाराव्या ओळीवर थांबलं. तिथे माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘आत्या.’

त्यांनी मान वर केली. आत्या त्यांच्याकडेच बघत होती.

“तू ऐकलंस सगळं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“प्रयोग बिघडला असता.”

काकांचे कान लाल झाले. त्यांनी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. “उद्या किती वाजता येतेस?” त्यांनी विचारलं.

“नऊला. आणि मशीन मी चालवणार,” आत्या म्हणाली. “सात प्रती झाल्या की विश्रांती द्यायची. तू बांधायला शीक.”

“मला कुठे जमतंय ते पंचबिंच?”

“अंगात नाही, असं नको म्हणूस. तपासून बघू.”

सोमवारी माझी शाळा दुपारची होती, म्हणून मी सकाळी दुकानात होते. आत्या सरळ मशीनपाशी गेली. काका तिच्या टेबलाशी बसून एका निरपराध कागदाला भोकं पाडत होते, सगळी वाकडी. पहिलं गिऱ्हाईक आलं. एका दाखल्याच्या पाच प्रती. आत्याने कागद नीट लावला, ट्रे अलगद आत ढकलला आणि बटण दाबलं.

खर्रर्र… टक. लाल दिवा.

पहिलाच कागद! मशीन थंडगार! गिऱ्हाइकाने आत्याकडे बघितलं, मग काकांकडे, आणि त्याची मान सवयीने डोलायला लागली. काकांनी दीर्घ श्वास घेतला. त्यांचं तोंड उघडलं. आतलं वाक्य मला दातांपर्यंत आलेलं दिसत होतं, चांगलं अकरा वर्षांचं वाढलेलं वाक्य. आत्याचे हात मशीनच्या दारावर थांबले होते. तिने मागे वळून बघितलं नाही.

“दादा?” ती म्हणाली.

काकांनी तोंड मिटलं. गिळलं. खिशातून पेन काढलं आणि माझी वही उघडून नवीन पानावर लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत होते, “सोमवार. प्रत पहिली. अडकली. मशीन थंड.” मग थोडं थांबून त्यांनी शेजारी एक उभी रेघ मारली. “कारण काय लिहू?”

“माहीत नाही,” आत्या म्हणाली.

“माहीत नाही,” काका म्हणाले, आणि त्यांनी तेच लिहिलं.